आईंना गुडघ्याच्या इंजेक्शनच्या अभ्यासात भाग घेऊ द्यावा का?

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या आईंचं वय ६४, राहायला धायरीत, दोन्ही गुडघ्यांची झीज, एक्स-रेवर ग्रेड ३ (म्हणजे मध्यम झीज) लिहिलंय. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवायला गेलात तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, की पीआरपीच्या (रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सच्या) इंजेक्शनवर आमच्याकडे संशोधन चाललंय, त्यात भाग घ्याल का? निम्म्या रुग्णांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार आणि वर्षभर ते रुग्णाला कळणार नाही. हातात जाडजूड संमतीपत्रक दिलं. आईंच्या भजनी मंडळातल्या एका बाईंना पीआरपीने चांगला उतार पडला, म्हणून आई म्हणतात, घ्यायचं तर खरं औषध घेऊ, पाणी कशाला टोचून घ्यायचं? मामा म्हणतात, बहिणीवर प्रयोग होऊ देणार नाही. आणि तुम्हाला धास्ती आहे, की नाही म्हटलं तर डॉक्टर पुढे नीट बघतील का.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, पुण्यातच काम करतो आणि बरीच वर्षं अशा अभ्यासांमध्ये संशोधक म्हणूनही असतो. तुम्ही ज्या अभ्यासाबद्दल लिहिलंय त्याच्याशी माझा संबंध नाही. माझं मत आधीच सांगतो. अभ्यास नीट आखलेला असेल तर आईंनी भाग घ्यायला माझी हरकत नसती. सलाईनच्या गटात नाव निघालं तर त्यांचं मोठं नुकसान होईल, असं मानायला आज भक्कम आधार नाही. मात्र 'नीट आखलेला' आहे की नाही हे तपासावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं घरचा माणूस तपासू शकतो. कसं ते खाली सांगतोच.

पण आधी मंडळातल्या त्या बाईंबद्दल. त्यांना बरं वाटलं हे शंभर टक्के खरं असणार. प्रश्न एवढाच आहे, की ते पीआरपीमुळे वाटलं का? झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं कधी एकसारखं नसतं. ते चढतं, उतरतं. लग्नघरात आठ दिवस उभं राहून काम केलं, पावसाळ्यात चालणं बंद होऊन पाय आखडले, की चढतं. माणूस डॉक्टरकडे कधी जातो? दुखणं अगदी टोकाला गेलं की. आणि टोकाला गेलेलं दुखणं पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक वेळा आपोआप थोडं खाली येतं. मधल्या काळात जे काही केलं असेल, इंजेक्शन, तेल, काढा, पट्टा, त्याला श्रेय मिळतं. त्यात भर म्हणजे इंजेक्शनबरोबर डॉक्टर व्यायाम सांगतात, जिना टाळायला सांगतात, रुग्णही पैसे खर्च केल्यावर ते मनापासून पाळतो. आणि कोणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देतंय याचाही दुखण्यावर खराखुरा परिणाम होतो. तो मनाचा खेळ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

हा परिणाम किती मोठा असतो, याचा एक आकडा मी नव्या निवासी डॉक्टरांना नेहमी सांगतो. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आपल्याकडे किती खपतात ते तुम्हाला माहीत आहे, जवळजवळ प्रत्येक गुडघेदुखीवाल्याच्या घरात त्या सापडतात. अमेरिकेत या गोळ्यांवर १५८३ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली होती. २४ आठवड्यांनी त्या गटातल्या ६० टक्के लोकांचं दुखणं किमान २० टक्क्यांनी कमी झालं होतं. दहातल्या सहा जणांचं, आणि तेही गोळीत काहीच नसताना. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांचा आकडा याहून लक्षणीय वेगळा आला नाही. आता या सहा जणांना भेटून विचारलंत तर ते शपथेवर सांगतील की गोळीने गुण आला. त्यांचं खोटं नाही, पण त्यांच्या अनुभवावरून गोळीचा गुण ठरवता येत नाही. तो ठरवायचा तर गोळी न मिळालेले, बाकी सगळ्या बाबतीत त्यांच्यासारखेच असलेले लोक शेजारी उभे करावे लागतात. तुमच्या आईंना ज्या सलाईनच्या गटाची भीती वाटते, तो गट यासाठीच असतो.

आता पीआरपीकडे येऊ. हातातून रक्त काढायचं, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, प्लेटलेट्स जास्त असलेला पिवळसर भाग वेगळा करायचा आणि गुडघ्यात टोचायचा, एवढंच त्यात असतं. प्लेटलेट्समध्ये जखम भरायला मदत करणारी द्रव्यं असतात हे खरं आहे. त्यामुळे ती झिजलेल्या कूर्चेलाही (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणालाही) मदत करतील ही कल्पना सुचणं स्वाभाविक होतं, आणि छोट्या अभ्यासांमध्ये निकाल उत्साह वाढवणारे आले. मग ऑस्ट्रेलियात ५० वर्षांपुढच्या, सौम्य ते मध्यम झीज असलेल्या २८८ रुग्णांवर काटेकोर अभ्यास झाला. त्याचे निकाल २०२१ साली आले. दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, एका गटाला पीआरपी, दुसऱ्याला सलाईन. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. वर्षानंतर ० ते १० च्या मोजपट्टीवर पीआरपी गटाचं दुखणं २.१ गुणांनी कमी झालं, सलाईन गटाचं १.८ गुणांनी. एमआरआयवर मोजलेली कूर्चेची घट दोन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणजे फायदा दोन्ही गटांना झाला, पण पीआरपीचा म्हणून वेगळा फायदा दिसला नाही.

हे वाचून तुम्ही विचाराल, मग पुण्यात पुन्हा हाच अभ्यास कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो तिथल्या डॉक्टरांनाच विचारा. याला चांगलं उत्तर असू शकतं. पीआरपी हे कारखान्यात तयार झालेलं, प्रत्येक बाटलीत सारखंच असलेलं औषध नाही. किती रक्त घेतलं, किती वेळ फिरवलं, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, प्लेटलेट्स मूळ रक्ताच्या किती पट झाल्या, यावर प्रत्येक ठिकाणचं पीआरपी वेगळं होतं. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात प्लेटलेट्सचं प्रमाण कमी पडलं, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतलाच होता. तेव्हा 'आम्ही जास्त प्रमाण वापरतोय, ते प्रत्येक रुग्णाच्या नमुन्यात मोजतोय आणि तेवढ्याने फरक पडतो का ते पाहतोय' असं उत्तर आलं तर ते संशोधन करण्याजोगं आहे. 'पीआरपी चांगलंच आहे, फक्त सिद्ध करायचंय' असं उत्तर आलं तर मी सावध होईन. ज्याला निकाल आधीच माहीत आहे त्याने निम्म्या रुग्णांना सलाईन देणं योग्य नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याने बाहेर तेच इंजेक्शन खात्रीचं म्हणून विकणं योग्य नाही.

सलाईन टोचून फसवणूक होते असं आईंना वाटत असेल तर त्यांना ऑर्थोपेडिक्समधली एक खरी घडलेली गोष्ट सांगा. पूर्वी झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतला भाग धुणं, खरवडून साफ करणं ही जगभर सर्रास होणारी शस्त्रक्रिया होती. रुग्ण बरे वाटतंय म्हणत होते, सर्जनचा विश्वास होता. अमेरिकेत ह्यूस्टनला एका गटाने १८० रुग्णांना तीन गटांत वाटलं. काहींचा गुडघा धुतला, काहींचा धुऊन साफही केला, आणि काहींना गुंगीचं औषध देऊन फक्त कातडीवर चिरे दिले, आत काहीच केलं नाही. रुग्णांना हे आधी स्पष्ट सांगितलं होतं, आणि 'मला नुसती दिखाऊ शस्त्रक्रिया मिळू शकते हे मला समजलंय' असं त्यांनी लिहून दिलं होतं. पात्र असलेल्या ३२४ जणांपैकी १४४ जणांनी नको म्हटलं. २००२ साली निकाल आले. दोन वर्षांत एकाही टप्प्यावर खऱ्या शस्त्रक्रियेचा गट चिरे दिलेल्या गटापेक्षा सरस ठरला नाही. पुढे फिनलंडमध्ये वयाबरोबर फाटलेल्या मेनिस्कसवर (गुडघ्यातल्या गादीवर) १४६ जणांचा तसाच अभ्यास झाला (२०१३), ब्रिटनमध्ये खांद्याचं हाड तासण्याच्या शस्त्रक्रियेवर ३१३ जणांचा (२०१८). दोन्हीकडे निष्कर्ष त्याच दिशेने गेला.

या अभ्यासांमुळे किती लोकांची भूल, चिरा, रजा आणि खर्च वाचला असेल याचा विचार केला, की मला त्या १८० माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यांच्यातले बहुतेक निवृत्त सैनिक होते.

याचा अर्थ शस्त्रक्रिया फोल असतात असा मुळीच नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा बातम्या वाचून काही जण सांधा पूर्ण निकामी होईपर्यंत थांबतात. सांधा बदलायच्या शस्त्रक्रियेची परीक्षाही अशीच झाली. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांपैकी निम्म्यांचा गुडघा बदलून नंतर व्यायाम-आहार-औषधं दिली, निम्म्यांना शस्त्रक्रियेशिवाय नुसती व्यायाम-आहार-औषधं. वर्षभराने ० ते १०० च्या मोजपट्टीवर गुडघा बदललेल्या गटाची सुधारणा ३२.५ गुण, दुसऱ्याची १६. फरक मोठा आणि रुग्णाला जाणवेल असा. गंभीर त्रासही शस्त्रक्रियेच्या गटात जास्त झाले, तेही त्यांनी लपवलं नाही. आणि शस्त्रक्रियेशिवायच्या गटातल्या तीन-चतुर्थांश लोकांना वर्षभरात गुडघा बदलावा लागला नाही. आता मी रुग्णाला सांगताना या दोन्ही बाजू आकड्यांसकट सांगू शकतो. अभ्यास झाला नसता तर माझ्याकडे फक्त माझं मत असतं.

मामांचा 'प्रयोग' हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. आपल्या देशात संमती न घेता, नुकसानभरपाई न देता औषधांच्या चाचण्या झाल्याच्या तक्रारी होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१३ साली न्यायालयाने कडक ताशेरे ओढले, आणि त्यानंतर नियम घट्ट होत गेले. आज २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम आहेत, आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य लागतात, त्यात कायदा जाणणारी व्यक्ती, एक सामान्य नागरिक आणि किमान एक महिला हवी, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. पण मामांना मी दुसरीही बाजू सांगेन. माणसांवर सगळ्यात मोठा प्रयोग तेव्हा होतो, जेव्हा एखादी गोष्ट पुरेशी न तपासता सरसकट वापरली जाते. धातूवर धातू घासणारे कृत्रिम खुबे हे त्याचं दुःखद उदाहरण आहे. टिकाऊ म्हणून ते जगभर बसवले गेले. घर्षणातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटून आजूबाजूच्या ऊती खराब होऊ लागल्या, आणि त्यातला एक प्रकार २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या सांधेबदलाच्या नोंदवह्यांनी तो दोष पकडला. भारतातही अनेकांना ते बसवले गेले होते, आणि त्यांच्या नुकसानभरपाईचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं चालला. त्या रुग्णांना आपल्यावर प्रयोग होतोय हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यांची सही घेतली नव्हती, दर तीन महिन्यांनी फोन करून विचारपूसही होत नव्हती. नीट अभ्यासात हे सगळं होतं.

आणि इथल्या रुग्णांनी भाग घेतल्याशिवाय इथल्यासाठी उत्तरं मिळत नाहीत. उघड्या फ्रॅक्चरचं बघा. कात्रज-नवले पुलाच्या बाजूला दुचाकीवरून पडून नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेले रुग्ण आम्ही सतत पाहतो. ती जखम साबणाच्या द्रावणाने धुवावी की नुसत्या सलाईनने, जोराच्या फवाऱ्याने की हळू, यावर सर्जन वर्षानुवर्षं वाद घालत होते. २०१५ साली निकाल आलेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या २४४७ रुग्णांच्या जखमा तपासल्या गेल्या, त्यात भारतातली केंद्रंही होती. फवाऱ्याच्या जोराने काही फरक पडत नाही असं निघालं. साबणाच्या गटात मात्र १४.८ टक्के लोकांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, सलाईनच्या गटात ११.६ टक्के. साधं, स्वस्त सलाईन सरस ठरलं. तालुक्याच्या रुग्णालयातही ते मिळतं. या निकालाचा उपयोग भोर किंवा जुन्नरच्या सर्जनला जेवढा, तेवढाच टोरांटोच्या सर्जनला.

आता तपासायचं काय. संमतीपत्रक घरी आणा, सही तिथल्या तिथे करायची गरज नाही. वाचायला वेळ मागणं हा हक्कच आहे. पत्रक मराठीत मिळालं पाहिजे, आणि आईंनी ते स्वतः वाचावं किंवा तुम्ही त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. त्यात सीटीआरआयने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, नसेल तर मागा. सीटीआरआय ही भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, २००७ पासून चालते, संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोधता येते. तिथे हा क्रमांक टाकलात की किती रुग्ण घेणार, मुख्य मोजमाप कोणतं, किती महिने पाहणार, पैसे कोण देतंय, हे सगळं दिसतं. मी स्वतः सगळ्यात आधी दोन तारखा बघतो. नोंदणी कधी झाली आणि पहिला रुग्ण कधी घेतला? नोंदणी आधी व्हायला हवी. एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय मागाहून नोंदणी घेतच नाही. यामागचं कारण साधं आहे. आपण काय मोजणार हे आधी लिहून ठेवलं नाही, तर नंतर हाती आलेल्या वीस आकड्यांतला जो बरा दिसेल तो पुढे करता येतो.

पैशाचा मुद्दा तर अगदी स्पष्ट ठेवा. संशोधनाचा भाग म्हणून जे होतं, म्हणजे इंजेक्शन, त्यासाठीचं रक्त, जादाचा एमआरआय, त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. पीआरपी बाहेर महाग पडतं, म्हणून 'अभ्यासात सवलतीत देतो' असं कोणी म्हटलं तर मी तिथून उठेन. जाण्यायेण्याचा खर्च मिळणार का तेही विचारा. धायरीहून दर खेपेला रिक्षा परवडत नाही आणि गुडघेदुखीत बसची पायरी चढवत नाही. इंजेक्शनमुळे काही झालं, गुडघ्यात जंतुसंसर्ग झाला तर उपचार मोफत होणार आणि भरपाई मिळणार, हे पत्रकात लिहिलेलं हवं. पीआरपीनंतर दोन-चार दिवस गुडघा ठणकणं नेहमीचं आहे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तातडीचा असतो. ताप, लाल-गरम गुडघा, पाय टेकवेना अशी अवस्था झाली तर रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबर पत्रकावर असलाच पाहिजे. एथिक्स कमिटीच्या सचिवांचा नंबरही असतो. तक्रार करायची तर ती डॉक्टरांना न सांगता थेट तिथे करता येते.

रुग्णांची वाटणी खरोखर कॉम्प्युटरने होते का, आणि वर्षाने दुखणं मोजणारी व्यक्ती इंजेक्शन देणाऱ्यांपेक्षा वेगळी आहे का, हे विचारा. आपणच दिलेल्या इंजेक्शनचा निकाल आपणच विचारायला बसलो की रुग्णही भिडेखातर 'बरं आहे, डॉक्टर' म्हणतात. आपल्याकडे ही भीड फार मोठी आहे. पीआरपीचा रंग पिवळसर, सलाईन पाण्यासारखं, मग रुग्णाला कळत नाही का? त्यासाठी सिरिंज झाकतात, आणि रक्त सगळ्यांचंच काढतात, सलाईनवाल्यांचंही. आईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रक्त घेतलं म्हणजे आपल्याला पीआरपीच मिळालं असं त्या धरून चालतील.

ते काय मोजणार आहेत, याकडेही बघा. गुडघ्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रश्नावल्या पाश्चात्त्य घरांमध्ये तयार झाल्या आहेत. त्यात जिना आहे, गाडीत बसणं-उतरणं आहे, पायमोजे चढवणं आहे. तुमच्या आईंच्या दिवसात पायमोजे बहुधा नसतील. त्यांच्या दिवसात देवपूजेला खाली बसणं आहे, भजनाला दोन तास मांडी घालणं आहे, कदाचित गावी गेल्यावर उकिडवं बसावं लागणारं शौचालय आहे. ज्या अभ्यासात हे विचारलं जातं तो अभ्यास आपल्या लोकांसाठी केलेला आहे, असं मी समजतो. आपल्या पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी 'इंडस' गुडघा विकसित केला तो भारतीय रुग्णांची हाडं आणि बसण्या-उठण्याच्या सवयी डोळ्यांसमोर ठेवूनच. मोजमापाच्या बाबतीतही तोच विचार हवा.

अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी आहे का, हेही कळून घ्या. त्यात गैर काही नाही, आपल्याकडे बरंचसं संशोधन तसंच होतं आणि त्यातूनच चांगले संशोधक घडतात. पण निवासी डॉक्टरकडे तीन वर्षं असतात. त्यातलं पहिलं वर्ष विषय ठरवण्यात आणि मंजुरीत जातं, शेवटचं परीक्षेच्या धास्तीत. रुग्ण कमी पडतात आणि सहा महिन्यांवर निकाल गुंडाळावा लागतो. वीस-तीस रुग्णांच्या दोन गटांत मोठा फरक असेल तरच दिसतो, लहान फरक असला तरी हातातून निसटतो. मग 'फरक नाही' असं छापून येतं, ज्याचा खरा अर्थ 'आम्हाला कळलं नाही' एवढाच असतो. आईंचं वर्ष, त्यांचे दोन टोचे, त्यांच्या खेपा सार्थकी लागायच्या तर अभ्यास पुरेसा मोठा हवा. किती रुग्ण घ्यायचे ते कसं ठरवलं, असं विचारलंत तर चांगला संशोधक आनंदाने समजावून सांगेल.

भाग घ्यायचं ठरलं तर एक विनंती मात्र मी हात जोडून करतो: शेवटपर्यंत जा. पुण्यातल्या अभ्यासांचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. ज्येष्ठ-आषाढात माउलींची आणि तुकोबांची पालखी निघाली की आमचे रुग्ण वारीला जातात, गुडघे दुखत असतानाही जातात, आणि तीन महिन्यांची तपासणी नेमकी त्याच आठवड्यात येते. पेरणीला गावी गेलेले लोक, मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आया, दिवाळीनंतर नंबर बदललेले फोन. बरं वाटलं म्हणून न येणारे असतात, तसेच बरं वाटलं नाही म्हणून दुसरीकडे गेलेलेही असतात. कोण कशामुळे आलं नाही हे कळलंच नाही तर सगळा हिशेब चुकतो. आम्ही आता नाव नोंदवतानाच वारीचं विचारून तारखा मागेपुढे करतो, घरच्या दोघांचे नंबर घेतो. आई वारीला जात असतील तर पहिल्याच दिवशी अभ्यासाच्या कोऑर्डिनेटरला (तारखा आणि तपासण्या बघणाऱ्या व्यक्तीला) सांगा. मधे दुखणं असह्य झालं तर बाहेर पडून हवा तो उपचार घ्यायला त्या मोकळ्या आहेत. पण तसं केलं तरी ते कळवा आणि शेवटच्या प्रश्नांची उत्तरं द्या.

नाही म्हणायचं असेल तर 'आम्हाला भाग घ्यायचा नाही' एवढं एक वाक्य पुरे. कारण द्यावं लागत नाही. नकाराचा नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हे संमतीपत्रकातच लिहिलेलं असतं आणि ते डॉक्टरवर बंधनकारक आहे. नकारानंतर वागणूक बदलली असं वाटलं तर एथिक्स कमिटीला फोन करा, संकोच करू नका. तुम्हाला तिथल्या डॉक्टरांची भीड वाटत असेल तर पत्रक घेऊन एखाद्या तिऱ्हाईत अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा.

आईंना मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, गेल्या काही महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिन्ही गोष्टी आधी सांगा, यामुळे अभ्यासात घेता येईल की नाही ते ठरतं. स्टेरॉइडवरून आठवलं: निर्णय होईपर्यंत आराम पडावा म्हणून कोणी ते वारंवार द्यायला निघालं तर थांबवा. एखादं इंजेक्शन तात्पुरतं उपयोगी पडतं. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते दिलेल्या १४० रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात (निम्म्यांना सलाईन होतं) दुखण्यात फरक पडला नाही, आणि कूर्चा मात्र स्टेरॉइडवाल्यांची जास्त झिजली.

आणि एक गोष्ट अभ्यासात भाग घेतला काय, नाही घेतला काय, आजपासून सुरू करता येते. मांडीचे पुढचे स्नायू बळकट करायचे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ समोर उचलायचा, गुडघा ताठ ठेवून पाच आकडे मोजायचे, हळू खाली. दहा वेळा एका पायाने, दहा वेळा दुसऱ्याने, दिवसातून दोनदा. झेपेल तसं खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं वाढवायचं. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा गुडघ्याला पटीत मिळतो: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. अभ्यासात दोन्ही गटांना सारखाच व्यायाम देत आहेत का ते विचारून घ्या, आणि देत असतील तर त्यांच्याच कागदावरचा करा. पहिले आठ-दहा दिवस स्नायू दुखतील, ते चालतं. सांध्यात कळ येऊन दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर उठण्या-बसण्याच्या खेपा निम्म्या करा आणि फिजिओथेरपिस्टकडून पद्धत एकदा तपासून घ्या.